टक्केवारीवर पेंड पारखू नये

सोयाबीन पेंडीत ४६ टक्के प्रथिने आढळली की खरेदीदाराने निश्चिंत व्हावे, हे कोंबडीखाद्यासाठी सोयाबीन पेंड घेण्याविषयीच्या लेखातील विधान मला पटले नाही. मुंबईतील एका पशुखाद्य प्रयोगशाळेत मी अनेक वर्षे काम केले आहे. प्रथिनांची नेहमीची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा आकडा काढला जातो. पेंड कच्ची राहिली आहे की करपली आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कच्च्या पेंडीतील ट्रिप्सिन-रोधक घटक (प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे) कोंबडीचे पचन बिघडवतात, तर अतिउष्णतेने लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) निकामी होते. एकदा तपकिरी झाक असलेल्या पेंडीचा नमुना प्रथिनांत आणि युरिएज चाचणीतही उत्तीर्ण झाला होता (युरिएज फक्त कच्चेपणा दाखवते, हे अनेक खरेदीदारांना सांगूनही पटत नाही). पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधील प्रथिनांची विद्राव्यता (विरघळण्याचे प्रमाण) मात्र ७० टक्क्यांच्याही खाली निघाली. ही विद्राव्यता साधारण ७८ ते ८५ टक्के असावी लागते; म्हणजे ती पेंड करपलेली होती.

मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल वेगळे द्यावे लागते, हा लेखातील मुद्दा योग्यच आहे. परंतु करपलेली पेंड वापरणाऱ्याला लायसिनची तूटही भरून काढावी लागते आणि तो खर्च लेखातील हिशेबात कुठेच धरलेला नाही.