तळ गाठला

मी मासे पाळतो असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात मी दोन फूट बाय एक फुटाच्या तुकड्यावर पाण्याखाली शेती करतो आणि मासे ही त्या शेतात चरायला सोडलेली जनावरं आहेत. प्लास्टिकची झाडं काढून खरी लावायची दुर्बुद्धी झाली, त्या दिवसापासून माझी नजर माशांवर ठरतच नाही. ती कायम तळाला.

तळाला आधी पांढरी वाळू होती. दिसायला देखणी, पण झाडासाठी तिथे नुसती राहायची सोय, जेवणाची नाही. अ‍ॅमेझॉन स्वोर्ड हे मुळांनी रग्गड खाणारं झाड. महिन्याभरात त्याने मान टाकली. मग माझं वाचन सुरू झालं. जुनी पानं पिवळी पडली तर नायट्रोजन कमी, कारण झाड म्हाताऱ्या पानांच्या तोंडचा घास काढून नव्यांना भरवतं. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम कमी. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह कमी. माझ्या झाडाला हे सगळं एकदमच झालं होतं. मी भिंग घेऊन काचेला नाक लावलं की बायको विचारायची, "काय म्हणतोय आजचा रिपोर्ट?"

त्यातच लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची गाठ पडली. त्याने १९व्या शतकात लोकांच्या गळी उतरवलेला नियम असा, की झाडाची वाढ ठरते ती सगळ्यात कमी पडणाऱ्या अन्नघटकावर. म्हणजे दहा गोष्टी पोटभर दिल्या आणि पुढची एक राहिली, तर झाड अकरावीत नापास. हे वाचल्यावर मला रात्री नीट झोप लागेना.

शेवटी वाळू उपसली आणि अ‍ॅक्वासॉइल आणलं. हे भाजलेल्या मातीचे दाणे. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे अमोनियम, पोटॅशियम असले धन भाराचे पाहुणे ते धरून ठेवतात आणि मुळांना सावकाश देतात. वाचायला फार छान. पण नवे दाणे सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात इतका अमोनिया सोडतात की मासे मरतील. म्हणून मासे टबात, टबाला हवेचा पंप, आणि मी बादल्या घेऊन मध्ये. त्या काळात कुणी पाहुणे आले की टब बघायचे, रिकामी टाकी बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि विषय बदलायचे.

बरं, हा साठाही कायमचा नाही. तो ओसरत आला की मुळाशी खताच्या गोळ्या खुपसायच्या, दर दोन-तीन महिन्यांनी, चार-सहा इंचांवर एकेक. माझ्या गोळ्या जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये असतात आणि कॅप्सूलमध्ये हवा असते. लांब चिमट्यात धरून ती तळात दोन इंच खाली न्यायची, चिमटा अलगद उघडायचा, बाहेर काढायचा. चिमट्यामागून कॅप्सूल वर येते. पुन्हा खाली. पुन्हा वर. तोवर बाही खांद्यापर्यंत भिजलेली असते आणि कॅप्सूल बोटांना चिकटायला लागते. टाचणीने भोक पाडून आधी हवा घालवायची असते, हे मला चौथ्या खेपेला कळलं. तेव्हा ती राहिली. मग कोरीडोरस आले. हे मासे मिशा लावून दिवसभर तळ उकरतात. त्यांनी संध्याकाळपर्यंत ती उकरून काढली. दोन दिवसांनी पाणी हिरवंगार. जे मुळांना द्यायचं होतं ते पाण्यातल्या शेवाळाने खाल्लं होतं.

उत्साहाच्या भरात मी अनुबियासलाही जेवू घातलं. त्याचा जाड आडवा कंद मातीत गाडला, शेजारी एक गोळी. तो कंद उघडा ठेवायचा असतो, दगडाला नाहीतर लाकडाला बांधून. गाडला की कुजतो. माझा कुजला. क्रिप्टोकोरीनची वेगळी तऱ्हा. जागा बदलली म्हणून तिने सगळी पानं वितळवून टाकली. मी उपासमार समजून दोन गोळ्या जास्त दिल्या, आणि ती नुसती रुसलेली होती! महिन्याने मुळातून पुन्हा फुटली.

खरा प्रसंग स्वोर्डने आणला. ते इतकं माजलं की मागची काच दिसेना, म्हणून ते हलवायचं ठरवलं. ओढलं. आधी काहीच हललं नाही, मग अख्खा तळ हलला. मुळं टाकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती आणि त्यांच्याबरोबर आजवर पुरलेलं सगळं वर आलं. काळा ढग, बुडबुडे, सडक्या अंड्याचा वास. हा हायड्रोजन सल्फाइड. खालच्या थरांत ऑक्सिजन पोचला नाही की होतो. मी घाईघाईने निम्मं पाणी बदललं. मासे वाचले. घरातल्यांनी खिडक्या उघडल्या.

आता मी वहीत तारखा लिहितो. काल गोळ्यांचा दिवस होता. शर्टाच्या खिशात मोजून बारा टाकल्या, हात कोरडे ठेवले, एकेक करून खुपसल्या. अकरा गेल्या. बारावीचा पत्ता नाही. तासभर टॉर्च मारून टाकी बघितली, कोरीडोरसच्या मिशा तपासल्या.

आज सकाळी आतून आवाज आला, "अहो, या खिशावर तांबूस डाग कसला? धुऊनही जात नाहीये."

लोह. एका तरी ठिकाणी पुरेसं पोचलं.