अ‍ॅप काढायचंय? आधी तुमचं गाव ठरवा

तर तुम्ही बेळगावात राहता, इंजिनिअरिंग झालंय, आणि कुठल्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार हे सांगणारं अ‍ॅप तुम्ही रात्री जागून बनवलंय. छान. आता ते प्ले स्टोअरवर टाकायला गूगलकडे खातं काढायचंय. अवघड काम संपलं असं वाटत असेल, तर अजून तुमचा कागदपत्रांशी नीट संबंध आलेला नाही.

सुरुवात नावापासून. समजा, तुमचं नाव ज्ञानेश्वर. आईवडिलांनी आळंदीकडे बघून ठेवलं; पोराला पुढे इंग्रजी फॉर्म भरावे लागतील हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. मराठी शाळेतल्या गुरुजींनी दाखल्यावर ते 'डीएनवाय'ने सुरू केलं. आधार काढताना समोरच्या मुलीने ते कन्नडमधून इंग्रजीत नेलं, म्हणून तिथे 'जेएन' आलं. शिवाय शेवटी एक 'ए' जास्तीचा, कारण कन्नडमध्ये शेवटचं अक्षर आपल्यासारखं अर्धवट सोडत नाहीत, पूर्ण उच्चारतात. पॅनवर तिसरंच काहीतरी. घरी हाक मारली की ओ एकटाच देतो. कागदावर तुम्ही तिघे आहात.

गूगलला मात्र त्या खात्यावरचं नाव सरकारी ओळखपत्राशी जुळलेलं हवं असतं. घाबरू नका. कोर्टाच्या आवारात जा आणि 'वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करून घ्या. त्याचा इथे फारसा उपयोग नाही, पण कोर्टाची पायरी चढली की सीमाभागातल्या माणसाला जरा घरी आल्यासारखं वाटतं.

मग पत्ता. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहर अधिकृतपणे बेळगावी झालं. पासबुकावर जुनं इंग्रजी स्पेलिंग, आधारवर नवं, आणि तोंडात अजून बेळगाव. 'गल्ली' या शब्दाचं स्पेलिंग तर शेजारच्या दोन घरांत जुळत नाही. खाली राज्य निवडायचा रकाना येतो. इथे पाणी पिऊन घ्या, आलेलं असेल तर. १९५६ पासूनचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा, एवढं सगळं होऊनही त्या यादीत 'न्यायप्रविष्ट' हा पर्याय नाही. मी वरपासून खालपर्यंत शोधलाय. गुपचूप 'कर्नाटक' निवडा आणि आजोबांना सांगू नका. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ निघणारी काळ्या दिनाची एकही फेरी त्यांनी चुकवलेली नाही.

अ‍ॅपमधून चार पैसे मिळवायचा विचार असेल, तर वैयक्तिक खात्याचा पूर्ण पत्ता प्ले स्टोअरवर सगळ्यांना दिसतो, हेही ठाऊक असू द्या. मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीला लागून. वेळ चुकली तर लोक एक स्टार देत बसणार नाहीत, घागरी घेऊन दारात येतील.

खात्याची फी २५ डॉलर, एकदाच. (आयफोनवाल्यांकडे ९९, आणि तेही दरवर्षी, त्या वाटेला जाऊ नका.) रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड परदेशी व्यवहारांना बंदच येतं, ते आपण चालू करून घ्यायचं. बँकेत गेलात तर काउंटरवरचा माणूस आधी कन्नडमध्ये बोलेल, मग हिंदीत, मग चेहरा नीट बघून मराठीत विचारेल, "अमेरिकेत कोण असतंय तुमचं?" कोणी नाही म्हणू नका, संशय येतो. चुलतभाऊ म्हणा.

आता खरी कसोटी. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ माणसं सलग १४ दिवस चाचणीला बसवावी लागतात. आधी २० लागायची. २०२४ च्या डिसेंबरात दया आली. संस्थेच्या नावाने खातं काढलं तर ही भानगड टळते, पण मग संस्थांच्या ओळखीसाठीचा नऊ आकडी 'डन्स' नंबर लागतो, आणि त्यासाठी आधी संस्था लागते. तुमच्याकडे आहे ती भिशी.

बारा माणसं काय, गणपती मंडळाच्या मीटिंगला चाळीस येतात, असं तुम्ही म्हणाल. पण या बाराजणांकडे अँड्रॉइड फोन आणि स्वतःचा जीमेल हवा. आत्याला विचारा.

"जीमेल काय करूलास? व्हॉट्सअ‍ॅप हाय की माझ्याकडं, तेच घे."

"आत्या, तुझा फोन चालू होताना जीमेल टाकलेलं असतंय."

"ते दुकानवाल्यानं टाकलंय. त्याचं असंल."

दुकानवाल्याकडे जा. त्याने गल्लीतल्या निम्म्या बायकांचे फोन एकाच जीमेलवर चालू करून दिलेत असं तिथे कळेल. म्हणजे तुमच्या सहा आत्या-मावश्या मिळून गूगलच्या हिशेबात एक बाई.

तरीही बारा जमले. दहाव्या दिवशी मामी लिंक पुन्हा उघडतात आणि 'चाचणीतून बाहेर पडा' हे बटण नेमकं काय करतं ते दाबून बघतात. अकरा. तेव्हा सुरुवातीलाच पंधरा बसवा, आणि त्यात मामींना धरू नका.

चौदा दिवस भरले की शेवटचा फॉर्म येतो: चाचणी घेणाऱ्यांनी काय अभिप्राय दिला? इथे काही रचून लिहायला जाऊ नका. आत्याचा मेसेज आहे तसा टाका: "अ‍ॅपात पाणी सहाला आलं. नळाला अजून नाही."