पेनाला ९८ दाखवतं म्हणून ऑक्सिमीटर फेकून देऊ नका

थंडी पडली, घराघरात खोकला सुरू झाला, की तो मेसेज परत फिरायला लागतो. यावर्षी माझ्याकडेच चार ग्रुपवरून आलाय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी सारांश सांगते. बोटाला लावून रक्तात किती टक्के ऑक्सिजन आहे ते दाखवणारं ऑक्सिमीटर म्हणजे फसवणूक, पेन लावा नाहीतर पेन्सिल लावा तरी ९८ दाखवतं, करोनात कंपन्यांनी आपल्याला लुटलं. त्यापेक्षा मोबाइलमध्ये फुकटचं ॲप टाका. नाहीतर ३० सेकंद श्वास रोखून बघा, जमलं तर फुप्फुसं ठणठणीत. ऑक्सिजन कमी वाटला तर कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या तेलाची पुरचुंडी हुंगा आणि मशीनवर ऑक्सिजन वाढलेला बघा, लडाखला पर्यटकांना हेच देतात. आणि मशीन लावलंच तर ९५ च्या वर आलं की डॉक्टरकडे जायची गरज नाही.

मी आयसीयूत टेक्निशियन आहे, ड्यूटीभर माझ्या समोर हाच आकडा असतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय. लांब होईल पण वाचा, कारण यातल्या काही गोष्टी नुसत्या चुकीच्या नाहीत, जिवावर बेतणाऱ्या आहेत.

पहिला मुद्दा पेनाचा. व्हिडिओ खोटा नाहीये, काही मशीन खरंच पेनावर आकडा दाखवतात. पण का दाखवतात ते समजून घ्या. त्या चिमट्यात एका बाजूने दोन प्रकारचा प्रकाश सोडतात, एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि दुसरा डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, ९४० च्या आसपासचा. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा पदार्थ; ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन इन्फ्रारेड जास्त शोषतं आणि लाल प्रकाश बऱ्यापैकी जाऊ देतं, ऑक्सिजन नसलेलं याच्या उलट करतं. आता बोटात हाड आहे, कातडी आहे, शिरा आहेत, हे सगळंच प्रकाश अडवतं, मग त्यातून धमनीतलं, म्हणजे हृदयाकडून येणारं, रक्त वेगळं कसं काढायचं? तर हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला धमनी किंचित फुगते, म्हणजे पलीकडे पोचणारा प्रकाश ठोक्याबरोबर कमीजास्त होतो, आणि मशीन फक्त तेवढाच हलणारा भाग मोजतं. ही युक्ती ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरची, निहोन कोहडेन कंपनीत काम करताना १९७४ च्या सुमाराची. ते खरं तर रक्तात रंग सोडून हृदय किती रक्त ढकलतं ते मोजायच्या मागे होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांचं मोजमाप बिघडत होतं. हा नको असलेला ठोकाच त्यांनी कामाला लावला. आज ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देताना पेशंटच्या बोटाला जे लावतात ते याच तत्त्वावर चालतं. त्याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी एकदा कुठल्याही भूलतज्ज्ञाला विचारून बघावं की याच्याशिवाय ऑपरेशन करायला तयार आहात का.

मग पेनाला आकडा कसा येतो? मशीनला बोट कळत नाही, कमीजास्त होणारा प्रकाश कळतो. पेन धरलेला हात थरथरतो, वरचा ट्यूबलाइट आपल्याला दिसत नाही पण लुकलुकत असतो, तेवढं स्वस्तातल्या मशीनला पुरतं. दोन्ही प्रकाश सारखेच हलले की नेहमीच्या सूत्राने उत्तर ८५ च्या जवळपास येतं, म्हणून खूप हात हलवला की आयसीयूतही आकडा तिकडे सरकताना दिसतो. चांगलं मशीन असा सिग्नल नाकारतं आणि नुसत्या रेघा दाखवतं. काही मशीन नाकारत नाहीत. आणि काही तर सरळ नकली असतात, काहीही लावा, ९८ नाहीतर ९९. म्हणजे पेनाच्या परीक्षेत तुमचं मशीन नापास झालं तर ते मशीन बदला, पण त्यावरून सगळ्या जगातली मशीन खोटी ठरत नाहीत.

यापेक्षा चांगली परीक्षा घरच्या घरी करता येते. मशीन बोटाला लावून दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या दुसऱ्या मनगटाची नाडी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायला सांगा आणि मशीनवरचा पल्सचा आकडा त्याच्याशी ताडून बघा, मग दोन जिने चढून या आणि परत बघा, पल्स वाढलेली दिसली पाहिजे. ठोक्याबरोबर वरखाली होणारी पट्टी असेल तर ती नाडीच्या तालात उडतेय का ते बघा. जे मशीन तुमची नाडीच बरोबर मोजत नाही त्याच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा घरचं मशीन बरोबर न्या, तिथल्या मशीनशेजारी दुसऱ्या बोटाला लावून बघा, कुणी नाही म्हणणार नाही.

आणि बरीचशी चुकीची रीडिंग मशीनची नसतात, लावण्याची असतात. बाहेरून धापा टाकत आल्या आल्या लावलं, हात बर्फासारखे गार, नखाला गडद नेलपॉलिश, काळी मेंदी, उन्हात उभं राहून लावलं, सेल उतरलेले. पाच मिनिटं शांत बसा, हात चोळून गरम करा, तर्जनी किंवा मधलं बोट पूर्ण आत घाला, हात छातीच्या पातळीवर टेकवून ठेवा, बोलू नका, आणि पहिला दिसलेला आकडा लिहू नका, आकडा अर्धा-एक मिनिट स्थिर राहू दे. मग वेळेसकट वहीत लिहा. चांगल्या मशीनमध्येही दोन-तीन टक्क्यांचा फरक चालतो, त्यामुळे काल ९७ आणि आज ९६ यावरून घाबरायचं नाही, पण तीन दिवसांत ९७, ९५, ९३ असं उतरत चाललं असेल तर ते बघायचं.

एक मर्यादा मात्र खरी आहे आणि मेसेजवाल्याने ती लिहिली असती तर मी त्याचे आभार मानले असते. कातडीचा रंग जितका गडद तितकं मशीन जास्त आकडा दाखवायची शक्यता वाढते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेशंटचा अभ्यास छापून आला होता, त्यात मशीन ९२ ते ९६ दाखवत असताना रक्त तपासल्यावर ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली निघाला असं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा झालं आणि गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के. आपल्याकडे सावळे, काळेसावळे लोक काही कमी नाहीत. म्हणून धाप लागलेला माणूस समोर असेल आणि मशीन ९४ म्हणत असेल तर "काठावर आहे, बघू उद्या" असं करू नका.

लुटलं या आरोपाबद्दल, हो, लुटलं. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, बीपीचं मशीन, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर यांच्यावरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांवर आणला, त्याआधी या यंत्रांवर ७०९ टक्क्यांपर्यंत मार्जिन लावलं जात होतं. पण वस्तू महाग विकली म्हणून ती निरुपयोगी होत नाही.

ॲपचं थोडक्यात सांगते. फोनच्या फ्लॅशचा पांढरा प्रकाश आणि साधा कॅमेरा यात ते दोन ठरावीक प्रकाश नाहीत. कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडी बऱ्यापैकी मोजता येते, पण ऑक्सिजन ही वेगळी गोष्ट आहे (मागे काही फोनमध्ये त्यासाठी वेगळा सेन्सर यायचा, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये). फुकटचं ॲप तुम्हाला ९७ दाखवतं कारण बहुतेक माणसांचं ९७ असतंच. ज्या दिवशी तुमचं ८८ असेल त्या दिवशीही ते ९७ दाखवू शकतं, आणि नेमका तोच दिवस महत्त्वाचा आहे. शिवाय २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या 'सायबर दोस्त' या सायबर-जागृती खात्याने अशा ॲपपासून सावध राहायला सांगितलं होतं, बोट ठेवायच्या निमित्ताने फोनमधला डेटा आणि बोटाचे ठसे चोरले जाऊ शकतात म्हणून.

आता श्वास रोखणं. यात एक मूळ गैरसमज आहे. श्वास रोखल्यावर जो जीव घाबराघुबरा होतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठायला लागतो म्हणून. निरोगी माणसाच्या फुप्फुसात इतकी हवा शिल्लक असते की ३० सेकंदांत ऑक्सिजनचा आकडा फारसा हलत नाही. म्हणजे ही परीक्षा जे मोजायचं तेच मोजत नाही. करोनाच्या पहिल्या दोन लाटांत आम्ही असे पेशंट बघितले की ऐंशीच्या घरात आकडा आणि माणूस फोनवर घरच्यांशी गप्पा मारतोय, मला काही होत नाहीये म्हणतोय. त्यातले काही ३० सेकंद श्वासही रोखू शकले असते. आणि उलट, जुना दमा असलेल्या एखाद्या आजीला १० सेकंदही जमणार नाही पण तिचं रीडिंग ९७ असू शकतं, तिला उगाच घाबरवून सोडायचं का?

याच्याऐवजी चालायची चाचणी करा, एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडे खूप सांगितली जात होती. बसून रीडिंग घ्या, सपाट जागेवर सहा मिनिटं नेहमीच्या चालीने चाला, लगेच परत घ्या. ९४ च्या खाली गेलं किंवा तीन-चार टक्क्यांहून जास्त पडलं तर डॉक्टरला दाखवा. बसल्या जागी धाप लागतेय किंवा आकडा आधीच कमी आहे त्यांनी मात्र ही चाचणी करायची नाही, त्यांनी सरळ दवाखाना गाठायचा.

कापराच्या पुरचुंडीबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे. कापूर आणि निलगिरी नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना उत्तेजित करतात, त्यामुळे नाक मोकळं झाल्यासारखं, हवा जास्त आत गेल्यासारखं वाटतं. वाटतं एवढंच. रक्तात ऑक्सिजन जातो तो फुप्फुसाच्या बारीक पिशव्यांमधून, आणि न्यूमोनियाने त्या पिशव्या भरल्या असतील तर नाकात गार वाटून तिथे काहीही बदलत नाही. मग हुंगल्यावर आकडा वाढताना दिसतो तो कसा? माणूस पुरचुंडी घेऊन शांत बसतो, खोल खोल श्वास घेतो, तोवर बोटही गरम होतं, एक-दोन टक्के एवढ्यानेच वाढतात. पुरचुंडीत नुसतं फडकं बांधलं तरी वाढतील. आणि मेसेजचं तर्कशास्त्र बघा, वर लिहिलंय मशीन खोटं आणि खाली कापराचा पुरावा म्हणून त्याच मशीनवर ऑक्सिजन वाढलेला बघा म्हणतात.

लडाखचं म्हणाल तर लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे पोचल्या पोचल्या धडधाकट माणसाचंही रीडिंग नव्वदच्या आसपास किंवा खाली येऊ शकतं, तिथल्या हवेत दाबच कमी. पहिले एक-दोन दिवस आराम केला की शरीर जास्त श्वास घ्यायला शिकतं आणि आकडा आपोआप सुधारतो, श्रेय ज्याच्या हातात पुरचुंडी असेल त्याला मिळतं. त्रास वाढत गेला तर ऑक्सिजन आणि खाली उतरणं हाच उपाय आहे.

घरात लहान मूल असेल तर कापराच्या वड्या हाताशी येतील अशा ठेवू नका, गळ्यात बांधूही नका. कापूर पोटात गेला तर काही मिनिटांत लहान मुलांना फिट येऊ शकते. खडीसाखरेसारखा दिसतो, मूल तोंडात घालणारच.

शेवटचा मुद्दा, ९५ च्या वर म्हणजे सगळं ठीक. माझ्या मते मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण हे मशीनवर विश्वास ठेवणाऱ्यांनाही फसवतं. ऑक्सिमीटर एकाच प्रश्नाचं उत्तर देतं, रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसलाय. हिमोग्लोबिन मुळात किती आहे ते सांगत नाही. एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन ६ असेल आणि ते सगळं ऑक्सिजनने भरलेलं असेल तर मशीन ९९ दाखवणार, पण तिचं रक्त १२ वालीच्या निम्माच ऑक्सिजन वाहून नेतंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या अर्ध्याहून जास्त बायकांना ॲनिमिया, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, निघालाय. जिना चढताना धाप लागते म्हणणाऱ्या आईला किंवा काकूला "मशीनवर ९९ आहे, तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं सांगू नका, तिची रक्ततपासणी करा. हार्ट अटॅकमध्ये ९८ असू शकतं. दम्याच्या अटॅकमध्ये सुरुवातीला आकडा चांगला असू शकतो. मोठा माणूस बसल्या जागी मिनिटाला २४ हून जास्त श्वास घेत असेल, वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, बरळत असेल, तर आकडा बघत बसू नका.

याची दुसरी बाजू पण आहे. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात किंवा विडी-सिगरेटने फुप्फुसं खराब झालेल्यांना, म्हणजे सीओपीडीवाल्यांना, अनेकदा डॉक्टरच ८८ ते ९२ ठेवा म्हणून सांगतात. २०२१ मध्ये घेतलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी यंत्रं, अजून बऱ्याच घरांत पडून आहेत आणि ९५ च्या वर न्यायचंच म्हणून लोक आजोबांच्या ऑक्सिजनचा फ्लो वाढवत नेतात. अशा पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठून माणूस सुस्त होत जातो, गुंगीत जातो, आणि मशीनवर आकडा मस्त दिसतो. फ्लो डॉक्टरला विचारल्याशिवाय वाढवायचा नाही.

आणि कार्बन मोनॉक्साइड. दर हिवाळ्यात बंद बाथरूममधला गॅस गिझर आणि बंद खोलीतली कोळशाची शेगडी यांनी माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, आणि चिकटलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाशात अगदी ऑक्सिजन असल्यासारखं दिसतं. बोटाच्या मशीनला फरक कळत नाही. माणूस मरणाच्या दारात असताना ते ९८, ९९ दाखवू शकतं. अंघोळीला गेलेल्या कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली, हाक मारल्यावर उत्तर आलं नाही, तर ऑक्सिमीटर शोधायला जाऊ नका. दार उघडा नाहीतर तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा, १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिल्यांदा गॅस गिझर चालू होता हे सांगा, म्हणजे ते त्यासाठीची वेगळी रक्ततपासणी करतील आणि ९९ बघून घरी पाठवणार नाहीत.