गाडी कुणाच्या सातला निघते?

‘फॉरेनला नोकरी लागली’ ही बातमी लातुरात आमच्या गल्लीत जेमतेम दोन तास टिकली. देश कोणता ते कळल्यावर मामा “भूतान होय!” म्हणाले आणि त्यांनी मिटलेला पेपर पुन्हा उघडला. त्यांचंही बरोबरच होतं. भारतीयाला तिथं व्हिसा लागत नाही. तिथला एक न्गुलत्रुम म्हणजे आपला एक रुपया, ना पैसा वर ना खाली. घड्याळ तेवढं आपल्या अर्धा तास पुढं. मग यात फॉरेन म्हणावं असं उरलं काय? आई तेवढी खूश होती. “जेवलास का” हे विचारायला तिला रात्री जागावं लागणार नव्हतं.

खरं तर आमच्यासारख्या मास्तरांची तिथं जुनी वहिवाट आहे. १९६०च्या दशकात भूताननं नव्या पद्धतीच्या शाळा वाढवायला घेतल्या, तेव्हा शिकवायला माणसं गेली ती मुख्यतः भारतातून, आणि माध्यम ठरलं इंग्रजी. त्यामुळे पूर्व भूतानात डोंगराच्या कुशीतल्या निवासी शाळेत लातूरचा मास्तर शेतकऱ्यांच्या पोरांना इंग्रजीतून गणित शिकवतोय, याचं तिथं कुणालाच नवल नव्हतं. नवल वाटलं ते माझ्या पँटचं.

पहिल्या दिवशी प्रार्थनेला सगळी शाळा, मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत, घो आणि किरामध्ये, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या आणि बायकांच्या पोशाखात उभी. मी एकटा शर्ट-पँटमध्ये. पहिलीतल्या एका पोरानं मला वायरमन समजून वसतिगृहातला बंद दिवा दाखवायला नेलं. परदेशी माणसाला घोची सक्ती नाही. “तुमच्या सोयीनं करा सर,” असं मुख्याध्यापक फार गोड आवाजात म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी मी घो शिवायला टाकला.

घो म्हणजे घोट्यापर्यंत लोळणारा अंगरखा. तो अंगात चढवायचा, दोन्ही काठ ओढून मागं सारख्या दोन घड्या घालायच्या, मग सगळा डोलारा गुडघ्यापर्यंत उचलायचा आणि तो तसाच धरून ठेवून वरून केरा नावाचा पट्टा आवळायचा. हे वाक्य वाचताना सोपं वाटतं. करताना लक्षात येतं की याला तीन हात लागतात. केरा सैल राहिला तर फळ्याच्या वरच्या ओळीला हात गेला की मागची घडी सुटते आणि अपूर्णांकांवरून वर्गाचं लक्ष उडतं. घट्ट बांधला तर मास्तरांचा श्वास पूर्णांकात येत नाही.

शेवटी सातवीतला एक मुलगा माझ्या मदतीला नेमला गेला. तिथली मुलं कमालीची अदबशीर. सरांशी बोलताना मान खाली, तोंडापुढं हात, वही द्यायची तर दोन्ही हातांनी. वर्गात या मुलाचा आवाज मी महिनाभर नीट ऐकलेला नव्हता. पण सकाळी क्वार्टरवर आला की तो माझ्या कमरेत गुडघा रोवायचा आणि पोत्याचं तोंड बांधावं तसा केरा आवळायचा. “श्वास सोडा सर.” मी सोडायचो. “अजून आहे सर.” पोटाकडे बघत तो जे ‘अजून’ म्हणायचा, त्यात अदबीचा लवलेश नसायचा. घडी जमली की दोन पावलं मागं सरून मान तिरकी करून बघणार, एखादा काठ ओढणार, आणि मग पुन्हा मान खाली, तोंडापुढं हात.

एक मात्र मान्य केलं पाहिजे. घोचा पोटावरचा झोळ हा खिसा म्हणून अजोड आहे. सहकारी त्यात मोबाइल, हजेरीपट, विड्याचा डबा आणि प्रसंगी जेवणाचं भांडंही ठेवत. एकदा एक पालक दोन तास डोंगर चढून मुलीची चौकशी करायला आले. बसले, चहा घेतला आणि पोटातून अंडी काढायला लागले. एक काढलं, दोन काढली, टेबलावर घरंगळू नयेत म्हणून माझ्या डस्टरच्या आडोशाला लावली. मी ‘पुरे पुरे’ म्हणत होतो आणि ते काढतच होते. एकालाही तडा नव्हता. मी त्याच झोळात खडूची पेटी ठेवली, तर दुपारपर्यंत पिठाची गिरणी झाली होती.

हजेरी हा वेगळा छळ. भूतानात बहुतेकांना आडनाव नसतं. नाव लामा देतात, आणि तीच मोजकी नावं उलटसुलट जोडून सगळ्या देशाचं भागतं. माझ्या वर्गात सोनम शेरिंग होती आणि शेरिंग सोनम होता. पेमा दोर्जी होता, दोर्जी पेमाही होता. सोनम हे मुलाचंही नाव, मुलीचंही, त्यामुळे तोही आधार नाही. बापाचं नाव मुलाच्या नावात कुठंच नसल्यानं पालकसभेत कोण कुणाचा हे ओळखायला नाकाडोळ्यांवर भिस्त. आपल्याकडे ‘पाटील’ म्हटल्यावर निम्मा वर्ग उभा राहतो, पण निदान बापाचं नाव घेतलं की निम्मे खाली बसतात.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगतो. लातूरचा माणूस तिखटाला घाबरत नाही, असं मी भोजनगृहात जाहीर केलं होतं. तिथं मिरची फोडणीत नसते, मिरचीचीच भाजी असते. चीजमध्ये शिजवलेली अख्खी मिरची, तिचं नाव एमा दात्शी. लाल भातावर ती वाढून शेजारच्या बाकावर एक चिमुरडी शांतपणे जेवत होती. मी पाणी पीत होतो.

आता गणित. वेग, अंतर आणि वेळ हा धडा मी लातुरात डोळे मिटून शिकवायचो: अमुक लांबीची आगगाडी अमुक वेगानं खांब ओलांडते. भूतानात आगगाडी नाही. वर्गातल्या बहुतेकांनी ती फक्त टीव्हीवर पाहिलेली. त्यांची पहिली शंका अशी, की गाडीनं खांब का ओलांडायचा, आधीच बाजूला का नाही रोवला? आगगाडीचं महत्त्व पटावं म्हणून मी सांगितलं, की २०१६ साली आमच्या लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून आगगाडीनं आणावं लागलं. वर्ग गप्प झाला. खिडकीबाहेर पाहिलं तर शाळेमागच्या कड्यावरून तीन ठिकाणी पाणी कोसळत होतं. सर चांगले आहेत पण थोडं वाढवून सांगतात, असं मत त्या दिवशी पक्कं झालं.

मग मी आगगाडी सोडली आणि बसवर आलो. सामद्रुप जोंगखार हे आसामच्या सीमेवरचं गाव. तिथून त्राशिगांग साधारण १८० किलोमीटर, सगळा घाट. चाचणीत प्रश्न घातला: ‘बस सकाळी ७ वाजता सामद्रुप जोंगखारहून निघाली. वेग ताशी ३० किलोमीटर. त्राशिगांगला किती वाजता पोहोचेल?’ उत्तर दुपारी १. अर्ध्या वर्गानं ते बरोबर लिहिलं. सोनम शेरिंगनं लिहिलं २, आणि खाली कारण दिलं: वामरोंगला जेवायला एक तास थांबतात. एकानं लिहिलं, की महिना सांगितलेला नाही, पावसाळा असेल तर दरड कोसळते, तेव्हा उद्या. मी तिन्ही उत्तरांना पूर्ण गुण दिले. विभागप्रमुखांनी पेपर तपासताना मला बोलावलं, नियम समजावला आणि दोघांचे गुण कापायला सांगितले. त्यांनी स्वतः ही बस कधी धरली होती, हे मी फक्त विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “गेल्या खेपेला संध्याकाळचे सहा वाजले होते.”

गुण राहिले. फक्त मागच्या बाकावरच्या दोर्जी पेमाचा कागद आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो. त्यानं उत्तर लिहिलंच नव्हतं, उलट मलाच विचारलं होतं: सर, गाव सीमेवर आहे, तर बस सातला निघते ती भूतानच्या सातला की तुमच्या?