फटाक्यांच्या आधीच आईला धाप लागली

आज वसुबारस. सोसायटीत अजून एक फटाकाही वाजलेला नाही, आणि आईचा नेब्युलायझर आठवडाभर सुरू आहे. दरवर्षी आम्ही लक्ष्मीपूजनाला खिडक्या लावून दाराच्या फटीत ओला पंचा सारायचो. यंदा दिवाळीची वाटच बघावी लागली नाही.

गॅलरीतली तुळस सकाळी पुसली, तर संध्याकाळी पानं पुन्हा राखाडी. मागे बांधकाम चाललंय, हिरवी जाळी एकाच बाजूला. मिक्सरच्या चाकांबरोबर रस्त्यावर आलेला चिखल वाळतो आणि दर गाडीमागे उडतो. पावसाळ्यात हीच धूळ बसून असते. खरेदीला निघालेल्या गाड्या लक्ष्मी रोडला, सिंहगड रोडला इंजिन चालू ठेवून तासन् तास उभ्या. आणि दिवाळीची साफसफाई! जुन्या गाद्या, थर्माकोल, चपला कोपऱ्यावर येऊन पडतात, रात्री कुणीतरी काडी लावतं. घनकचरा नियमांनुसार उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. मी दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा न विचारताच 'निवारण झाले' असा मेसेज आला.

हे सगळं वर्षभरही असतंच, पण आता ते वर जात नाही. या दिवसांत वारा पडतो, रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. त्यात पुणं टेकड्यांच्या मधोमध. पहाटे टेकडीवरून पाहिलंत तर धुराचा पट्टा सरळ रेघ मारल्यासारखा दिसतो.

म्हणून फटाके निर्दोष ठरत नाहीत, उलट! अभ्यंगस्नान करून पहाटे पाचला आपण जी माळ लावतो, ती नेमकी हे झाकण सगळ्यात खाली असताना. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये रात्री 8 ते 10 ही वेळ दिली, फटाक्यांच्या माळांवर आणि फटाक्यांतल्या बेरियम या रसायनावर बंदी घातली. आमच्याकडे माळ अजूनही गल्लीभर अंथरली जाते.

पीएम 2.5 म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण. त्यांची आपली 24 तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 15. हवेवर नजर ठेवणारी 'सफर' यंत्रणा आपल्याच पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची. सकाळी फिरायला जाण्याआधी तिचे आकडे बघा, विशेषतः घरात म्हातारं माणूस किंवा लहान बाळ असेल तर.

उद्या सकाळी 9 ला मी टेम्पो सांगितलाय. आमच्या गल्लीतल्या कुणाची गादी, सोफा, थर्माकोल टाकायचं असेल तर कोपऱ्यावर ठेवू नका, मला फोन करा. पैसे मी देतो.