आमच्याकडे प्लंबर येतो

"मामा, ते खायचं मशरूम नाहीये. ते मारतं."

हे मला माझ्या आठ वर्षांच्या भाचीने रविवारी सकाळी ऐकवलं. मला! ज्याने सातवीच्या मे महिन्यात शेजाऱ्यांच्या पोर्टेबल टीव्हीसमोर मांडी ठोकून याच मारिओच्या व्हिडिओ गेममधली राजकन्या सोडवली होती. (साक्षीदार दोन होते. एक सध्या कॅनडात आहे, दुसऱ्याला काही आठवत नाही.)

झालं एवढंच, की जुने खेळ भरलेली एक कांडी ऑनलाइन मागवली, टीव्हीच्या पाठीत खुपसली, 'सुपर मारिओ ब्रदर्स' लावला आणि "बघ हं आता" म्हणून उजवीकडे धावलो. समोरून तो तपकिरी, मशरूमसारखा दिसणारा, भुवया चढवलेला गुंबा आला. गुंबा हा या खेळातला सगळ्यात गरीब शत्रू. नवख्याला उडी मारायला शिकवावं म्हणून अगदी सुरुवातीला ठेवलेला. म्हणजे बालवाडीच्या बाईच म्हणा ना. मी बालवाडीच्या बाईंच्या हातून मेलो. तीन लाइफ मिळतात. तिन्ही तिथेच गेल्या.

"बटण उशिरा लागतंय," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. जुन्या पिक्चर ट्यूबवर बटण दाबल्याबरोबर मारिओ उडायचा. हे नवे सपाट टीव्ही आधी चित्र घासूनपुसून चकाचक करतात आणि मग दाखवतात. तेवढ्यात गुंबा पोचलेला असतो. भाचीने रिमोट घेतला, सेटिंगमध्ये जाऊन कुठलासा 'गेम मोड' चालू केला आणि म्हणाली, "आता खेळ." खेळलो. मेलो. ती हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं. माझी बहीणही अशीच गप्प राहून मारायची.

विषय बदलावा म्हणून मी तिला आमच्या काळच्या कॅसेटींबद्दल सांगू लागलो. कॅसेटवर '९९९९९९९ इन वन' छापलेलं असायचं आणि आत खेळ पाच. तेच पाच आलटूनपालटून, फक्त नावं वेगळी. चालली नाही की काढून फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नव्हतं, काढून परत नीट बसवल्यामुळे ती चालायची, पण श्रेय फुंकरीला. (घरोघरी असंच असतं.) मग बदकं मारायच्या खेळातली बंदूक. ती खास माळ्यावरून काढली होती, तर कांडीला तिची पिन लावायला भोकच नाही. आणि भोक असतं तरी उपयोग शून्य. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, तो बंदुकीला 'दिसायचा', आणि हे सगळं जुन्या ट्यूबच्या वेळेवर बेतलेलं. नव्या टीव्हीपुढे ती बंदूक आंधळी. तरी मी दोनतीनदा चाप ओढला. पडद्यावर त्या खेळातला, बदक हुकलं की हसणारा कुत्रा गवतातून वर आला आणि खो खो हसला. तोच कुत्रा. तीस वर्षांत एवढाही बदलला नाही.

एवढ्यात बेल वाजली. सोसायटीचे खजिनदार काका. हातात फाइल.

"पाचच मिनिटं, एक सही हवी होती," म्हणत ते सोफ्यावर बसले. चहा नको म्हणाले आणि मग अर्धा कप असं म्हणून पूर्ण घेतला. माझं लक्ष पडद्यावर. वर ४०० पासून वेळ उलटी पळत होती आणि मी कसाबसा पहिल्या पाइपापर्यंत पोचलो होतो.

"हा कोण?"

"मारिओ."

"करतो काय?"

"प्लंबर आहे."

काका सरसावले. चष्मा पुसला. "प्लंबर? मग उड्या का मारतोय?"

"राजकन्येला सोडवायला चाललाय."

"म्हणजे काम टाकून."

मी गप्प. भाची म्हणाली, "आजोबा, तो आधी सुतार होता." हे मीच तिला फुशारकीने सांगितलेलं. १९८१ मध्ये 'डाँकी काँग' या खेळात तो आला तेव्हा सुतार होता, १९८३ मध्ये प्लंबर झाला.

"बघा!" काकांनी मांडीवर थाप मारली. "आधी सुतार, मग प्लंबर, उद्या म्हणेल वायरिंगही करतो. आपल्याकडे येतात ते सगळे असलेच."

मारिओने उडी मारून एक नाणं काढलं. टिंग!

"हे कशाचे?"

"शंभर जमले की एक लाइफ मिळते."

"पावती?"

"नाही हो काका."

"रोखीत," काका भाचीकडे बघून खिन्नपणे म्हणाले. एवढ्यात माझा मारिओ मोठा झाला आणि त्याने मुठीने वीट फोडली. काका अर्धे उठलेच. "ओ! कुणाची भिंत आहे ती? अशी तोडफोड? परवानगी वगैरे?" मग, "ते मागं राहिलं बघा, तो प्रश्नचिन्हाचा डबा. मागं घ्या, मागं घ्या."

"मागे जाता येत नाही. पडदा एकाच बाजूला सरकतो."

"रिव्हर्स नाही?"

"नाही."

"खर्च वाचवला असेल."

हे मात्र त्यांनी बरोबर ओळखलं. १९८५ चा हा अख्खा खेळ, आठ जग आणि ३२ लेव्हल, सगळं मिळून ४० किलोबाइट. काका रोज सकाळी ग्रुपवर गुलाबाचं फूल पाठवतात ते याहून जड असेल. जागा वाचवायला ढगाचंच चित्र हिरवं रंगवून झुडूप म्हणून वापरलंय. जरा भाव मिळेल म्हणून मी हे सांगितलं. काका कितीतरी वेळ ढग आणि झुडूप आळीपाळीने बघत राहिले. "याला म्हणतात अकाउंटिंग," ते हळूच म्हणाले. मारिओ हे नाव निन्टेन्डो या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकावरून पडलं, आणि तो थकलेलं भाडं मागायला आला होता असं सांगतात, हेही सांगून टाकलं. यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मेंटेनन्सचा मागचा हप्ता मला आपोआप आठवला.

मग मारिओ पाइपात शिरला.

"आत गेला! पाइपात! वहिनी, बघितलंत का?" (ही घरात नव्हती.) "आपला माणूस पाइपाला नुसता हात लावायचे पैसे घेतो आणि हा सबंध आत!"

इथे माझं डोकं सरकलं, कारण पाइप हा आमच्या घरात विनोदाचा विषय नाही. बाथरूमचं छत दोन वर्षं गळतंय. पोपडे गेले, मग प्लास्टर गेलं, आता खाली बादली आहे. मी अर्ज दिला तेव्हा सोसायटी म्हणाली, हे वरच्या मेंबरचं काम. वरचे म्हणाले, आमची लादी कोरडी आहे, बाहेरचा पाइप बघा. बाहेरचा पाइप म्हणजे पुन्हा सोसायटी. सोसायटी म्हणाली, पावसाळ्यानंतर बघू. पावसाळा दोनदा येऊन गेला.

रागात मी खड्ड्यात पडलो. भाचीने कंट्रोलर घेतला. आणि त्या पोरीने, जिचा हा खेळ उघडून एक तास झाला होता, पहिल्या जगातला किल्ला गाठला, राक्षसाला चकवून कुऱ्हाडीला हात लावला, पूल कोसळला. पुढच्या खोलीत तो टोपीवाला बुटका उभा. त्याने इंग्रजीत तेच सांगितलं जे तो १९८५ पासून सांगतोय. धन्यवाद मारिओ, पण आमची राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे.

"असं सात वेळा सांगतात," मी म्हणालो. "सात किल्ले."

"मग बरोबर आहे त्याचं," काका म्हणाले. "त्याच्या किल्ल्यात नसेल तर तो कुठून देणार? ज्याच्या त्याच्या हद्दीचा प्रश्न आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नव्हता.

"मामा, तुझा चान्स," भाची म्हणाली. दया येऊन म्हणाली, हे कळत होतं. मी कंट्रोलर घेतला. काकांनी फाइल माझ्या गुडघ्यावर ठेवली, पेन बोटांत अडकवलं. दुसऱ्या जगातलं पहिलंच कासव माझ्याकडे येत होतं. मी डाव्या हाताने उडी मारली, उजव्याने सही ठोकली. कासव चुकवलं! सकाळपासूनची माझी पहिली नीट उडी. काका दारात थांबून म्हणाले, "ब्रदर्स म्हणता ना? मग दुसरा भाऊ रिकामा असेल तर पाठवा आपल्याकडे."

ते गेल्यावर माझ्यासाठी ठेवलेली प्रत वाचली. एकच परिच्छेद होता. सदनिकेच्या आतील गळतीच्या दुरुस्तीचा खर्च संबंधित सदस्य स्वतः करतील, मान्य आहे. खाली माझी सही. जरा वाकडी, उडीमुळे.

"मामा, बादली भरलीये," भाचीने पडद्यावरची नजर न हटवता सांगितलं. मी जाऊन बादली ओतून आलो. तोवर तिने पुढची लेव्हल गाठली होती. तिथे सगळं पाणीच पाणी असतं. प्लंबर मजेत पोहत होता.