संत्र्याच्या सालीची पर्स? जरा थांबा

नागपूरच्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज आला असेल: 'व्हीगन लेदर फळांच्या सालींचं असतं. प्लास्टिक अजिबात नाही, मातीत टाकलं की खत होतं, आणि चामड्याइतकंच टिकतं.' व्हीगन लेदर म्हणजे जनावराच्या कातड्याशिवाय बनवलेलं, चामड्यासारखं दिसणारं साहित्य. मेसेजखाली संत्र्याचं चित्र, म्हणजे आपण लगेच फॉरवर्ड करणार.

'फळांच्या सालींचं.' बाजारातलं बहुतेक व्हीगन लेदर पीयू नाहीतर पीव्हीसी असतं, म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. बर्डीच्या बाजारात त्याला आजवर रेग्झीनच म्हणत आलो. फळांचा माल नाहीच असं नाही. इटलीत सफरचंदाचा चोथा वाळवून त्याची पूड वापरतात, पण ती पीयूमध्ये मिसळून. अननसाचं पिन्याटेक्स सालीचं नसून पानांच्या तंतूंचं आहे. आणि संत्र्याचं म्हणाल तर, इटलीतल्याच ऑरेंज फायबरने रस काढून उरलेल्या चोथ्यातून धागा काढला खरा, पण त्याचं होतं रेशमासारखं कापड!

'प्लास्टिक नाही, खत होतं.' पिन्याटेक्सवर रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकच्याच जातीचा लेप असतो, मेक्सिकोच्या निवडुंगी डेसर्टोतही पीयू आहे. असा माल उकिरड्यावर टाकून खत होत नाही. केरळात नारळाच्या पाण्यावर जिवाणू वाढवून बनवलेलं 'मलाई' वेगळ्या वाटेचं, पण ते फुटपाथवर मिळत नाही. बुरशीपासूनचं मायलो खूप गाजलं, त्याचं उत्पादन २०२३ मध्ये थांबलं.

'चामड्याइतकंच टिकतं.' इथे नागपूरकरांनी तरी फसू नये. स्वस्त पीयू उष्णता आणि ओलाव्याने आतून तुटत जातं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पाठोपाठ पावसाळा. पर्सचा पट्टा कडीपाशी दुमडतो तिथे आधी बारीक चिरा पडतात, मग पापुद्रे सुटतात आणि खालचं पांढरं कापड दिसू लागतं. मोच्याकडे नेलं तर तो टाका कशात घालणार?

चामड्याविरुद्धची एक तक्रार मात्र खरी: जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमने कमावतात, आणि ते सांडपाणी तसंच सोडलं तर नदीची वाट लागते. जनावराचं काहीच नको, हा आग्रहही मला पटतो. त्यासाठी जाड कॅनव्हासची पिशवी आहेच की, तीही स्वस्तात.

तरी व्हीगन लेदरच घ्यायचं असेल तर दुकानदाराला विचारा, वरचा थर कशाचा? नुसतं 'व्हीगन आहे' म्हणाला तर पट्ट्याची कापलेली कड बघा. कापडावर चकचकीत पातळ थर दिसला, तर भाव रेग्झीनचाच करा.